आरशाची रुजवात

पुस्तपालन शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या वर्गात एक उदाहरण दरवर्षी ठरलेले असे. पतपेढीचे मुख्य कार्यालय घाटावर, शाखा घाटाखाली. दोन्हीकडे त्याच खातेदारांची खतावणी. रोज संध्याकाळी शाखेचा शिपाई एस.टी.ने दिवसभराच्या नोंदी वर नेतो आणि रात्री दोन्ही वह्या जुळतात. मग आषाढात दरड कोसळते आणि आठ दिवस घाट बंद राहतो. नवव्या दिवशी गाडी सुरू होते. आता दोन वह्यांची रुजवात घालायची कशी?

वर्गातला एखादा उत्साही मुलगा सांगे, शाखेची खतावणी पहिल्या पानापासून उतरवून काढू. सर विचारत, पाने किती? बाराशे. आठ दिवसांत हात किती पानांना लागला? चाळीस. मग उरलेली अकराशे साठ कशासाठी उतरवायची? मुलगा गप्प बसला की सर खरा प्रश्न विचारत: ती चाळीस पाने कोणती, हे तुला आज कळणार कुठून?

हे व्याख्यान त्या शेवटच्या प्रश्नाविषयी आहे. पतपेढ्यांच्या वह्या आता संगणकाच्या डिस्कवर गेल्या, घाटाच्या जागी काचेची तार आली, तरी प्रश्न तोच राहिला. दोन ठिकाणी ठेवलेल्या दोन डिस्क एकमेकींच्या तंतोतंत प्रती असाव्यात, मधली तार तुटावी, एकीवर काम चालू राहावे आणि तार जोडल्यावर दुसरीला कमीत कमी वेळात, कमीत कमी पाठवून पुन्हा बरोबरीला आणावे. संगणकाच्या जगात याला आरसा पुन्हा जुळवणे म्हणतात. या जुळवणीचा खर्च तार जोडल्यानंतर ठरत नाही. तार तुटलेली असताना कोणी काय टिपून ठेवले, यावर तो आधीच ठरून गेलेला असतो.

आरशाची कल्पना जुनी आहे. १९७६ साली बाजारात आलेल्या टँडम कंपनीच्या ‘नॉनस्टॉप’ संगणकांत तोच डेटा दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय होती, कारण ही यंत्रे बँका आणि बाजारांसाठी होती आणि एक डिस्क बिघडली म्हणून व्यवहार थांबवणे त्यांना परवडत नव्हते. १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कचे समूह बांधण्यावर निबंध लिहिला आणि ‘रेड’ हे नाव रूढ केले. त्यातली पहिली पायरी म्हणजे आरसा. जे इकडे लिहायचे, तेच तिकडेही लिहायचे. एक मेली तर दुसरी आहे.

एकाच कपाटातला आरसा डिस्कच्या मरणापासून वाचवतो. कपाटाच्या, इमारतीच्या किंवा शहराच्या संकटापासून तो वाचवत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री मुंबईच्या तळमजल्यांवर आणि तळघरांत काय काय पाण्याखाली गेले, हे मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही. तिथे कोणाच्या डिस्क असतील, तर त्यांचा आरसा शेजारच्या खणात असून उपयोग नव्हता. तो दुसऱ्या गावात हवा होता.

दुसरे गाव म्हटले की अंतर आले आणि अंतराबरोबर प्रकाशाचा वेग आला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-पुणे तार दीडशे किलोमीटरची धरली, तर निरोप जाऊन पोच परत यायला दीड मिलिसेकंद लागतो. मुंबई-चेन्नई हजार किलोमीटरहून जास्त, म्हणजे किमान दहा मिलिसेकंद. एका नोंदीला एक शतांश सेकंद थांबणे माणसाला जाणवतही नाही. पण मागची पक्की झाल्याशिवाय पुढची लिहिता येत नाही अशा नोंदींची रांग असेल, तर सेकंदाला शंभराच्या वर एकही नोंद होणार नाही, मग यंत्र कितीही महागडे असो.

म्हणून दूरच्या आरशाला दोन स्वभाव असतात. एक कडक: दुसरीकडून पोच आल्याशिवाय इथले लिखाण पूर्ण झाले असे म्हणायचेच नाही. जवळच्या अंतरावर हे परवडते आणि एकही नोंद हरवत नाही. दुसरा सैल: इथे लिहून मोकळे व्हायचे, तिकडे पाठोपाठ पोहोचेल. दूरच्या अंतरावर हेच शक्य असते आणि अपघात झाला तर शेवटचे काही क्षण हरवू शकतात. मोठ्या संस्था दोन्ही ठेवतात. एक केंद्र जवळ, काही हरवू नये म्हणून. एक दूर, शहरच संकटात सापडले तर असावे म्हणून.

आता तार तुटली असे समजू.

कडक आरसा असला, तरी पहिल्या केंद्राला निर्णय घ्यावा लागतो. दुसरे केंद्र गप्प झाले म्हणून आपणही थांबायचे, की एकट्याने पुढे जायचे? बहुतेक ठिकाणी पुढेच जातात. दुकान उघडे ठेवण्यासाठीच तर आरसा घेतलेला असतो. तासाभराने तार जोडली जाते. या तासात दुसरी डिस्क जागच्या जागी राहिली, पहिली पुढे गेली.

साधा हिशेब करून पाहू. डिस्क १० टेराबाइटची आहे आणि दोन केंद्रांमध्ये सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी आहे. सगळी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठवायची तर ८ लाख सेकंद लागतील, म्हणजे ९ दिवसांहून अधिक. जोडणी दसपट केली तरी २२ तास. या सगळ्या वेळात दुसरी प्रत अर्धवट असते आणि पहिली डिस्क नेमकी तेव्हाच गेली, तर हातात काहीच उरत नाही. उलट, त्या तासाभरात खरोखर बदललेला डेटा २० गिगाबाइट असेल आणि तो कोणता हे माहीत असेल, तर १०० मेगाबिटच्या त्याच जोडणीवर काम सत्तावीस मिनिटांत उरकते. ९ दिवस आणि सत्तावीस मिनिटे यांत फरक आहे तो फक्त माहीत असण्याचा.

हे माहीत असणे प्रत्यक्षात कसे बांधतात, याचे स्वच्छ उदाहरण व्हिएन्नात सापडते. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात फिलिप राइस्नर या विद्यार्थ्याने २००० च्या सुमारास पदविकेचा प्रबंध म्हणून लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीसाठी एक जोड लिहायला घेतली: डिस्कवर होणारे प्रत्येक लिखाण जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवरही करायचे. तिचे नाव डीआरबीडी. २००१ मध्ये त्याने लिनबिट ही कंपनी काढली. लार्स एलेनबर्ग त्याचा मुख्य सहकारी झाला. २०१० च्या फेब्रुवारीत आलेल्या लिनक्सच्या २.६.३३ आवृत्तीपासून ही प्रणाली लिनक्सच्या गाभ्याचाच भाग झाली.

डीआरबीडी डिस्कचे ४ किलोबाइटचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, पाडते आणि प्रत्येक ब्लॉकसाठी एकच बिट राखते. शाळेतला हजेरीपट डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक ब्लॉकला एक चौकोन. तार शाबूत असेल तोवर सगळे चौकोन कोरे. तार तुटली की ज्या ब्लॉकला हात लागेल त्याच्या चौकोनात खूण. तोच ब्लॉक हजार वेळा बदलला तरी खूण एकच, कारण जुळवणीच्या वेळी त्याचे आजचे रूप तेवढे पाठवायचे असते, मधली नऊशे नव्याण्णव रूपे नव्हे. या तक्त्याला बिटमॅप म्हणतात. १ टेराबाइटच्या डिस्कला तो ३२ मेगाबाइटचा होतो. १० टेराबाइटला सुमारे ३०० मेगाबाइट. ९ दिवसांचे काम सत्तावीस मिनिटांवर आणणारी वही मूळ डिस्कच्या बत्तीस हजाराव्या भागाहून मोठी नसते.

शाखेतल्या कारकुनाने प्रत्येक व्यवहाराची पूर्ण नक्कल वेगळी जपून ठेवली असती, तरी रुजवात झाली असती. काही प्रणाली तसे करतातही. न पोहोचलेले प्रत्येक लिखाण त्या क्रमाने रांगेत ठेवतात. पण घाट आठ दिवसांऐवजी महिनाभर बंद राहिला तर रांग वाढतच जाते आणि एक दिवस ठेवायला जागा उरत नाही. हजेरीपट वाढत नाही. महिना जावो की वर्ष, चौकोन तेवढेच. त्या बदल्यात एक गोष्ट हातातून जाते: कोणते लिखाण आधी झाले आणि कोणते नंतर, हा क्रम. त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

त्याआधी एक अवघड वळण आहे. इथवरच्या कथेत तार तुटली, यंत्र मात्र जिवंत राहिले. वीजच गेली आणि पहिले यंत्र लिहिता लिहिता कोसळले तर? एखादा ब्लॉक इकडे लिहिला गेला असेल, तिकडे पोहोचला नसेल, किंवा उलट. बिटमॅप स्मृतीत असेल तर तोही विजेबरोबर गेला. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर दोन प्रतींत कुठेतरी फरक असू शकतो एवढेच कळते. कुठे ते कळत नाही. तेव्हा सगळी डिस्क पुन्हा पाठवण्यावाचून इलाज राहत नाही. पुन्हा तेच ९ दिवस.

यावर उपाय एकच, आणि कीर्द लिहिणाऱ्याला तो नवा नाही: पैसे पेटीत टाकण्याआधी नोंद करायची. ब्लॉक बदलण्याच्या आधी त्याची खूण डिस्कवर पक्की करायची. पण प्रत्येक लिखाणाआधी आणखी एक लिखाण म्हणजे कामाचा वेग निम्मा. डिस्कची सुई डेटाकडे जायची, मग खुणांच्या तक्त्याकडे, मग पुन्हा डेटाकडे. सुरक्षिततेसाठी रोजचा धंदा मंदावायचा, हे कोणाला मान्य होणार?

डीआरबीडीने यावर काढलेली तोड डिस्कच्या वापराच्या एका सवयीवर उभी आहे. बाराशे पानांच्या खतावणीत रोज उघडली जाणारी पाने थोडीच असतात. डिस्कवरही एका वेळी लिखाण काही भागांतच होत असते. म्हणून डिस्कचे ४ मेगाबाइटचे पट्टे पाडले आणि सध्या ‘गरम’ असलेल्या पट्ट्यांची छोटी यादी डिस्कवर ठेवली. थंड पट्ट्याला पहिल्यांदा हात लागला की त्याचे नाव यादीत पक्के करायचे. मग त्या पट्ट्यात पुढची हजारो लिखाणे होवोत, यादीला हात लावायची गरज नाही. यादी भरली की बराच वेळ न वापरलेल्या पट्ट्याला काढून नव्याला जागा द्यायची. ८.४ या आवृत्तीत ही यादी मुळात १२३७ पट्ट्यांची ठेवली आहे. यंत्र कोसळले की फरक असला तर याच पट्ट्यांत, बाहेर कुठेही नाही. १२३७ पट्टे म्हणजे सुमारे ४.८ गिगाबाइट. सेकंदाला एक गिगाबिटच्या तारेवर हे पाऊण मिनिटाचे काम.

यात एक प्रामाणिक तडजोड आहे. गरम पट्ट्यांतले बहुतेक ब्लॉक बदललेले नसतातही, तरी ते पाठवले जातात. यादी छोटी केली तर कोसळल्यानंतरचे काम कमी होते, पण रोज यादी बदलण्याचे कष्ट वाढतात. मोठी केली तर उलट. लिनक्समधल्या साध्या सॉफ्टवेअर रेडमध्येही हीच युक्ती आहे. तिथे बदलाच्या इराद्याची खूण आधी करतात आणि काम झाल्यावर लगेच न पुसता थोड्या सेकंदांनी आळसावून पुसतात, कारण त्याच जागी पुन्हा लिखाण होण्याचा संभव असतो. खूण करण्यात दिरंगाई चालत नाही, पुसण्यात चालते. खूण जास्तीची राहिली तर थोडे जास्त पाठवावे लागेल. खूण राहून गेली तर दोन प्रती कायमच्या वेगळ्या होतील आणि कोणाला कळणारही नाही.

इथे एखादा जाणकार श्रोता विचारील, एवढा खटाटोप कशाला? खुणा नसल्या तरी दोन्ही डिस्कचे ठसे काढून ताडता येतीलच की.

हा प्रश्न खोल आहे आणि त्यामागे सुंदर गणित आहे. १९७९ मध्ये अँड्र्यू याओ यांनी असा प्रश्न मांडला: दोन माणसे दोन गावांत, दोघांकडे एकेक लांबलचक अंकमाला. दोन्ही सारख्या आहेत की नाहीत हे ठरवायला त्यांनी एकमेकांना किमान किती सांगावे लागेल? शंभर टक्के खात्री हवी असेल, तर जवळजवळ सगळी माला सांगावी लागते, त्याला पळवाट नाही. पण चुकीची अगदी नगण्य शक्यता मान्य केली आणि यदृच्छेची मदत घेतली, तर मोजक्या अंकांत काम भागते. लाखो पानांच्या दोन ग्रंथांची तुलना पोस्टकार्डावर मावते. ही पोस्टकार्डावरची गोष्ट म्हणजे ठसा, संगणकाच्या भाषेत हॅश.

ठसे सारखे निघाले तर काम संपले. वेगळे निघाले तर फरक कुठे हे शोधायला राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्येच सुचवलेले झाड कामी येते. ब्लॉकांचे ठसे काढायचे, त्यांच्या जोड्यांचे ठसे, त्या जोड्यांच्या जोड्यांचे, असे करत शेंड्याला एकच ठसा. शेंडा वेगळा असेल तर दोन फांद्यांतली वेगळी कोणती ते पाहायचे आणि तिच्यात उतरायचे. १० टेराबाइटच्या डिस्कवर चार-चार किलोबाइटचे सुमारे २४४ कोटी ब्लॉक असतात. त्यांतला एकच बदललेला असेल, तरी बत्तीस पायऱ्यांत तो सापडतो.

ठशांच्या या कुटुंबातले सर्वांत लाडके नाव आरसिंक. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची करामत सरकत्या ठशात आहे. फाइलच्या सुरुवातीला एक शब्द घुसवला तर पुढचे सगळे थोडे सरकते आणि ठरावीक जागी काढलेले सगळे ठसे चुकतात. आरसिंकचा ठसा एकेक अक्षर पुढे सरकत जुना मजकूर नव्या जागी ओळखतो. फाइलींसाठी हे अमोल आहे. डिस्कच्या आरशाला मात्र त्यातल्या सरकण्याचा उपयोग नाही. डिस्कवरचा ब्लॉक सरकत नाही. खतावणीचे ४१७ क्रमांकाचे पान ४१७ वरच असते.

ठशांची खरी अडचण तारेवर नसते, डिस्कवर असते. ठसा काढायचा तर ब्लॉक वाचावा लागतो. सेकंदाला २०० मेगाबाइट वाचणारी डिस्क घेतली, तर १० टेराबाइट वाचायला ५० हजार सेकंद लागतात, म्हणजे चौदा तास, तेही दोन्ही बाजूंना. तारेवरचा खर्च वाचला, पण बाराशे पाने उलटण्याचा खर्च तसाच राहिला. सरांच्या वर्गातल्या मुलाने सगळी पाने उतरवण्याऐवजी सगळी पाने ताडून पाहायचे ठरवले, इतकाच फरक. खूण ठेवलेली असेल तर दोन्ही खर्च वाचतात. म्हणून ठसे खुणांची जागा घेत नाहीत, त्यांना मदत करतात. डीआरबीडीमध्ये सांगितले तर खूण केलेल्या ब्लॉकचा ठसा आधी पाठवला जातो आणि दोन्हीकडे तो सारखाच निघाला तर ब्लॉक पाठवला जात नाही. गरम पट्ट्यांतल्या न बदललेल्या ब्लॉकांसाठी ही चाळणी चांगली. शिवाय खुणांच्या नजरेतून निसटलेला बिघाड पकडण्यासाठी अधूनमधून सगळी डिस्क ठशांनी ताडून पाहतात. ती वार्षिक हिशेबतपासणी झाली, रोजची रुजवात नव्हे.

खूण आणि झाड एकत्र आणणारी एक रचना आहे, तिच्यातल्या जुळवणीचे नावच आरशावरून आले आहे. जुन्या घरातला आरसा डागाळला की आपण म्हणतो, पारा उडाला, आणि कारागीर काचेच्या मागच्या बाजूला पुन्हा लेप देतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरेन्स यांनी घडवलेली झेडएफएस ही फाइलप्रणाली २००५ मध्ये खुली झाली. तिच्यात मागे पडलेली डिस्क बरोबरीला आणण्याला हाच, आरशाला पुन्हा लेप देण्याचा शब्द वापरतात. झेडएफएसमध्ये सगळा डेटा एका झाडात असतो आणि झाडातल्या प्रत्येक दुव्यावर तो ब्लॉक कोणत्या व्यवहारगटात, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या लिखाणांच्या कितव्या गटात, जन्मला याची नोंद असते. जुना ब्लॉक जागच्या जागी कधी बदलत नाही, नवा लिहिला जातो आणि वरचे सगळे दुवेही नवे होतात. त्यामुळे डिस्क ५,००० ते ५,२०० या व्यवहारगटांच्या काळात बाहेर होती असे कळले, की शेंड्यापासून खाली उतरायचे. एखाद्या फांदीचा जन्म ५,००० च्या आधीचा असेल तर तिच्याखाली काहीच नवे असणे शक्य नाही. ती फांदी न पाहता सोडून द्यायची. वेगळा हजेरीपट नाही, सगळी पाने उलटणेही नाही. पानावरच तारीख आहे. रिकामी जागा तर झाडात नसतेच, म्हणून ती पाठवलीही जात नाही.

रिकाम्या जागेचे महत्त्व साठवण यंत्रे बनवणाऱ्या नेटअॅप कंपनीच्या अभियंत्यांनी २००२ मध्ये आकड्यांनी दाखवले. त्यांची स्नॅपमिरर प्रणाली ठरावीक वेळाने डेटाची स्थिर प्रतिमा घेऊन तेवढा फरक दूरच्या केंद्राला पाठवते. प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की लिखाण लगेच न पाठवता दर पंधरा मिनिटांनी पाठवले, तरी जाणारा डेटा ३० ते ८० टक्क्यांनी घटतो. पंधरा मिनिटांत बऱ्याच गोष्टी लिहून पुसल्या जातात, पुन्हा लिहिल्या जातात. पण त्यांची प्रणाली जुन्या ब्लॉकवर कधीच लिहीत नाही. त्यामुळे कोणता ब्लॉक आता टाकाऊ झाला हे फाइलप्रणालीने सांगितले तरच ही बचत होते. केवळ डिस्क पाहणाऱ्याला मेलेला ब्लॉक आणि जिवंत ब्लॉक सारखेच दिसतात.

इथवरचा सगळा विचार किती पाठवायचे याचा होता. आता कोणाकडून कोणाकडे, हा प्रश्न. तो चुकला तर वेग शाप ठरतो, कारण जितक्या झपाट्याने जुना डेटा नव्यावर उमटेल तितक्या झपाट्याने नवा नष्ट होईल.

डीआरबीडी प्रत्येक प्रतीला पिढीची ओळख देते. तार तुटल्यावर जी बाजू एकटीने लिहायला लागते ती नवी ओळख धारण करते आणि जुनी जपून ठेवते. पुन्हा भेट झाली की दोघी वंशावळ ताडतात. एकीची आजची ओळख दुसरीच्या जुन्या ओळखीशी जुळली, तर कोण पुढे गेली हे स्वच्छ झाले. दोघींचीही आजची ओळख वेगळी आणि पूर्वज एकच निघाला, तर दोघी एकट्याने लिहीत होत्या. म्हणजे शाखेने आणि मुख्य कार्यालयाने, दोघांनीही त्याच खात्यांतून पैसे दिले. अशा वेळी यंत्र थांबते आणि माणसाला विचारते. कोणत्या बाजूचे लिखाण सोडायचे हे माणसाने सांगितल्यावर दोन्हीकडच्या खुणा एकत्र केल्या जातात, कारण हरलेल्या बाजूने बदललेले ब्लॉकही पूर्ववत करायचे असतात.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर असेच काही घडले. जगभरचे प्रोग्रामर आपले काम तिथे ठेवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बिघडत चाललेले एक प्रकाशीय उपकरण बदलताना जोडणी तुटली, ती ४३ सेकंद. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पूर्वेचे केंद्र गेले असे मानून डेटाबेसची सूत्रे पश्चिम किनाऱ्याकडे दिली. पूर्वेकडची काही लिखाणे पश्चिमेला पोहोचली नव्हती आणि पश्चिमेने पुढची जवळजवळ चाळीस मिनिटे स्वतःची लिखाणे घेतली. सर्वांत गजबजलेल्या समूहांपैकी एकात अशी अडकलेली लिखाणे ९५४ होती. दोन्ही बाजू जपून एकत्र आणायच्या ठरवल्यावर अनेक टेराबाइटच्या प्रती साठ्यातून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. ४३ सेकंदांची तूट निस्तरायला २४ तास ११ मिनिटे गेली. कंपनीने हे सगळे नंतर स्वतःच सविस्तर लिहून जाहीर केले. वेगापेक्षा डेटाची अखंडता पुढे ठेवल्याचेही तिने त्यातच सांगितले.

आणि आता मागे सोडलेला क्रमाचा प्रश्न. हजेरीपटाने लिखाणांचा क्रम विसरला होता. जुळवणी डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते, घडले त्या क्रमाने नाही. खतावणीत उचल दिसते, पण कीर्दीतली तिची नोंद अजून यायची आहे, अशी स्थिती मध्येच असते. डेटाबेस नेमका या क्रमावर विसंबलेला असतो: आधी कीर्द, मग खतावणी. म्हणून जुळवणी चालू असताना दुसरी प्रत जुनीही नसते आणि नवीही नसते. ती निरुपयोगी असते. तेवढ्यात पहिली बाजू गेली तर? शहाणे लोक जुळवणी सुरू होण्याच्या क्षणी मागे पडलेल्या बाजूची स्थिर प्रतिमा घेऊन ठेवतात. ती तासाभरापूर्वीची असेल, पण सुसंगत असेल. जुळवणी पुरी झाली की ती प्रतिमा टाकून देतात. जुळवणी जितकी छोटी, तितकी ही उघडी खिडकी छोटी. खुणांचा खरा उपकार हा आहे.

मुंबईत या सगळ्याची आठवण २४ फेब्रुवारी २०२१ रोजी झाली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. ते दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. एक्स्चेंजने दिलेल्या खुलाशानुसार मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांच्यामधल्या दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या तारा अस्थिर झाल्या होत्या, मुख्यतः रस्त्यावरच्या खोदकामामुळे. त्यानंतर साठवण यंत्रणा ठरल्याप्रमाणे वागली नाही आणि जोखीम-व्यवस्थापनाची यंत्रणा उपलब्ध राहिली नाही. तारा एकाहून अधिक होत्या, कंपन्या दोन होत्या, केंद्रे दोन होती. तार तुटल्यावर एका बाजूने एकट्याने निर्धास्त पुढे जायचे, हा सगळ्यांत साधा वाटणारा टप्पाच अडला.

तार तुटण्याचा सराव तार शाबूत असताना करावा लागतो. २ मार्च २०२४ हा शनिवार होता. सुट्टीच्या त्या दिवशी मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी मुद्दाम खरे सौदे केले. सकाळी सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून, मग दीड तासाचा खंड, आणि साडेअकरा ते साडेबारा आपत्कालीन केंद्रावरून. १८ मेला, पुन्हा शनिवारीच, असाच प्रयोग झाला. या प्रयोगांची बातमी आली ती केंद्र बदलल्याची. परतीच्या प्रवासाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. दुसऱ्या सत्रातला प्रत्येक सौदा, प्रत्येक बदललेली बाकी मूळ केंद्राच्या वह्यांतही उतरायला हवी होती. ते काम उलट्या दिशेने करायचे होते, आणि त्यासाठी हाताशी वेळ होता शनिवारी दुपारी साडेबारापासून सोमवारी, ४ मार्चच्या सकाळी सव्वानऊला घंटा होईपर्यंत.